बाळाचं वजन नोंदवलं, पुढे काय?

माझी मागणी साधी आहे. पुण्यात अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जे बाळ जन्मेल, मग ते महापालिकेच्या प्रसूतिगृहात असो, ससूनमध्ये असो की एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये, त्याचं नाव एका यादीत यावं आणि ते तीन वर्षांचं होईपर्यंत ठरल्या वेळी कुणीतरी त्याच्या घरी जावं. लस टोचली का एवढंच विचारून परत येऊ नये. बाळ नजर लावतं का, आवाजाकडे वळतं का, मान धरली का, शब्द फुटले का हे बघावं. आणि आईला, आजीला, बापाला बाळाशी खेळायचं कसं ते हातात वाटी-चमचा घेऊन दाखवावं.

ही मागणी मी पुण्यात करते आहे याला कारण आहे. कमी वजनाच्या बाळांचं पुढे काय होतं, याचा इतका चिकाटीने माग काढणारी शहरं आपल्या देशात फार नाहीत. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची नोंद केली. ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांनी त्यांना सोडलं नाही. पत्ते बदलले, कुटुंबं उपनगरांत गेली, मुलं शाळेत आणि मग कॉलेजात गेली, तरी हा अभ्यास चालू राहिला. त्यातली बाराव्या वर्षीची तपासणी प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक नगरसेवकाने वाचावी अशी आहे. कमी वजनाच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ निघाला, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७.२. दिवस भरायच्या आधी जन्मलेली आणि त्यातही पोटात वाढ खुंटलेली जी मुलं होती, त्यांचा सरासरी ८५.४.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ८९.५ हा आकडा सर्वसाधारण मर्यादेतलाच आहे. म्हणजे ही मुलं 'मंद' नव्हती. बहुतेक जण शाळेत जात होती, घरात बोलत होती, गल्लीत खेळत होती. अडचण येत होती ती लिहिताना आणि गणित करताना. डोळ्यांनी पाहिलेलं हाताने कागदावर उतरवणं त्यांना जड जात होतं, हातापायांची कामंही सफाईने जमत नव्हती. असं मूल वर्गात कसं दिसतं ते शिक्षकांना ठाऊक आहे. फळ्यावरचं उतरवून घेताना मागे राहतं, हातचा विसरतं, अक्षर वेडंवाकडं काढतं, आणि मग त्याच्या वहीवर 'अक्षर सुधारा' आणि प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा येतो. हा मुलगा सव्वा किलोचा जन्मला होता आणि महिनाभर काचेच्या पेटीत होता, हे चौथीच्या बाईंना सांगणार कोण? आईलाही त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. तिच्या लेखी काचेच्या पेटीचं प्रकरण बाळ घरी आलं त्या दिवशी संपलेलं असतं.

याच अभ्यासमालेत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर आईच्या शिक्षणाचा आणि घरच्या परिस्थितीचा ठळक परिणाम दिसला. जन्माच्या वेळचं वजन सारखं, आजारपणं सारखी, आणि तरीही शिकलेल्या आईचं मूल पुढे. शाळेची पायरी जिला चढता आली नाही ती आई कमी माया करते असा याचा अर्थ मुळीच नाही. शिकलेल्या आईला डॉक्टरांचं बोलणं समजतं, पुढची तारीख लक्षात राहते, शंका आली तर ती विचारते, आणि मुख्य म्हणजे ती दिवसभर बाळाशी बोलते, कारण बोलण्याने मूल घडतं हे तिने कुठेतरी वाचलेलं असतं. या सगळ्या गोष्टी शिकवता येतात. मी मागते आहे ती व्यवस्था त्यासाठीच आहे.

वजन कमी म्हणजे नेमकं काय, याबद्दल घराघरांत मोठा घोळ असतो. बाळ लहान असण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. एक, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ. पोटातले शेवटचे तीन महिने मेंदूच्या दृष्टीने फार कामाचे असतात. मेंदूला वळ्या पडतात त्या याच काळात, आणि आईकडून मिळणारा लोहाचा साठाही मुख्यतः याच काळात भरला जातो. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला तो काळ पोटाबाहेर, दिव्यांच्या आणि यंत्रांच्या आवाजात काढावा लागतो. दुसरी वाट पूर्ण दिवसांच्या पण बारीक बाळाची. नऊ महिने भरले, पण आईचं खाणं, रक्त, विश्रांती, वारेतून मिळणारा रक्तपुरवठा यांत कुठेतरी कमी पडली. आपल्या देशात कमी वजनाच्या बाळांमध्ये ही दुसऱ्या प्रकारची बाळंच जास्त. त्यांना सहसा अतिदक्षता विभागात ठेवावं लागत नाही. दोन किलो दोनशेचं बाळ तिसऱ्या दिवशी आईबरोबर घरी जातं, 'बारीक आहे पण तब्येत छान आहे' असं सांगितलं जातं आणि ते कुणाच्याच नजरेत राहत नाही. माझी चिंता या मुलांची जास्त आहे, कारण सव्वा किलोच्या बाळाबद्दल निदान सगळे घाबरलेले तरी असतात.

अडीच किलो ही रेघ निसर्गाने मारलेली नाही. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो यल्पो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोयीसाठी सुचवलेली ही मर्यादा पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली. २४५० ग्रॅम आणि २५५० ग्रॅम या दोन बाळांच्या मेंदूंत काही दरी नसते. पण व्यवहारात ती रेघ पास-नापासाची झाली आहे. २.४६ आलं की कागदावर २.५ लिहिलं जातं. देशभरातल्या पाहण्यांमध्ये जन्मवजनाचे आकडे अडीच आणि तीन अशा गोल ठिकाणी ढिगाने साचलेले दिसतात, ते यामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोच्या खाली होती. या गोल केलेल्या आकड्यांमुळे खरं प्रमाण त्याहून थोडं जास्तच असणार, असं मला वाटतं.

आता एक रास्त शंका. कमी वजनाची मुलं बहुधा गरीब घरांत जन्मतात आणि गरीब घरातलं मूल अभ्यासात मागे पडण्याची इतर शंभर कारणं असतात. मग दोष वजनाचा की गरिबीचा? याचं सगळ्यात चांगलं उत्तर जुळ्यांच्या अभ्यासांतून मिळतं. आई तीच, घर तेच, गर्भारपण तेच, फक्त एकाचं वजन दुसऱ्यापेक्षा कमी. नॉर्वेतल्या जुळ्यांच्या नोंदींवरून २००७ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जुळ्यांपैकी जास्त वजनाचं मूल पुढे उंचीत, बुद्ध्यांकात, शिक्षणात आणि कमाईतही थोडं पुढे असतं. म्हणजे वजनाचा स्वतःचा परिणाम आहे, तो खरा आहे. पण तो 'थोडा' आहे हेही तितकंच खरं. घरातली माणसं मुलासाठी काय करतात याचा परिणाम त्या मानाने मोठा असतो. माझा सगळा आग्रह या दोन वाक्यांवर उभा आहे: तोटा खरा आहे, आणि तो भरून काढण्याजोगा आहे.

भरून निघतो याचे पुरावे परदेशातल्या श्रीमंत इस्पितळांतले नाहीत, जमैकासारख्या गरीब देशातले आहेत. तिथे किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये १९८० च्या दशकात खुरटलेल्या मुलांच्या घरी आरोग्य सेविका दर आठवड्याला जात, घरीच बनवलेली खेळणी नेत आणि आईला मुलाशी खेळायला शिकवत. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधलं तेव्हा, ज्यांच्या घरी सेविका जात होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवसांच्या पण कमी वजनाच्या बाळांसाठीही जमैकात असाच प्रयोग झाला आणि सहाव्या वर्षीसुद्धा मुलांच्या आकलनात आणि वागण्यात फायदा टिकून होता. त्या सेविका पदवीधर मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताई जेवढ्या शिकलेल्या आहेत, तेवढ्या शिक्षणावर हे काम होतं.

ते प्रत्यक्षात कसं दिसतं हे पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत मी पाहिलं आहे. दहा बाय बाराची खोली, आई धुणीभांड्याला जाऊन नुकतीच परतलेली, बाळ दहा महिन्यांचं, जन्माच्या वेळचं वजन एक किलो नऊशे. घरी आलेल्या ताईने आधी बाळाला आईच्या मांडीवर, तोंड आईकडे करून बसवलं. मग स्टीलची वाटी पुढे धरली आणि बाळाने हात पुढे करेपर्यंत गप्प राहिली. हा गप्प राहण्याचा भाग सगळ्यात अवघड असतो. मोठ्या माणसाला धीर नसतो, ते वाटी बाळाच्या हातात कोंबतं. बाळाने वाटी धरली, तोंडात घातली, खाली टाकली. आवाज झाला. बाळ दचकलं आणि मग आईच्या तोंडाकडे बघायला लागलं. ताई आईला म्हणाली, "आता बोल. काय झालं ते त्याला सांग." आई लाजली. मग म्हणाली, "पडली? वाटी पडली?" बाळाने काहीतरी आवाज काढला, आईने पुन्हा उत्तर दिलं, आणि हे पाच मिनिटं चाललं. निघताना ताईने एक रिकामा डबा, त्यात मावतील अशी चार झाकणं आणि दोन कापडी तुकडे बाजूला काढून ठेवायला सांगितले. पुढच्या वेळी डब्यात घालायचं-काढायचं. आजी दारात बसून बघत होती. ती म्हणाली, "एवढ्याशा पोराशी काय बोलायचं, त्याला काय कळतंय?" ताईने तिला हाताला धरून आत आणलं आणि बाळासमोर बसवलं.

यात औषध नाही, यंत्र नाही. पण कुणीतरी ठरल्या दिवशी तिथे गेलं पाहिजे, आणि पुन्हा गेलं पाहिजे.

आपल्याकडे काय आहे? कागदावर बरंच काही आहे, आणि ते सांगितलं पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ मध्ये ते जगापुढे आलं आणि त्यातूनच पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. नंतर २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना तपासणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'नवचेतना' नावाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी छत्तीस महिन्यांच्या खेळांचं वेळापत्रकही काढलं.

मग अडतं कुठे? गृहभेटी मुळात बाळ जगावं म्हणून आखलेल्या आहेत. ते योग्यच होतं, जगलं तर पुढचं. पण त्यामुळे ताईच्या वहीत आजही वजन, ताप, अंगावर पाजणं आणि लसीकरण यांचेच रकाने आधी भरले जातात. खेळ आणि बोलणं सूचनांमध्ये असलं तरी त्याला वेळ उरत नाही, कारण त्याच ताईकडे सर्वेक्षणं, मोहिमा आणि मोबाईलवर भरायचे फॉर्मही असतात. पंधराव्या महिन्यानंतर तर आशाताईचं ठरलेलं येणं थांबतं. तीन वर्षांखालच्या मुलाचा अंगणवाडीशी संबंध येतो तो महिन्याच्या वजनापुरता आणि टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराच्या पाकिटापुरता. रोज अंगणवाडीत बसायचं ते तिसऱ्या वर्षानंतर. म्हणजे मूल चालायला लागतं, शब्द जोडायला लागतं, नेमकं त्याच वयात त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्र चांगलं असलं तरी ते मुलाची वाट बघत एका जागी बसलेलं असतं. दोन बस बदलून, एक दिवसाची मजुरी बुडवून तिथे पोहोचणारी आई आधीच सावध असते. जिला गरज जास्त, ती पोहोचत नाही.

दवाखान्यातून घरी जातानाच काही गोष्टी निसटतात, आणि त्या निसटल्याची किंमत फार मोठी असते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायला हवा. ही मुदत हुकली तर वाचवता येणारी दृष्टी जाऊ शकते. कानांची तपासणीही पहिल्या महिन्याभरातच झालेली बरी. ऐकू न येणारं बाळ पहिले सहा महिने इतर बाळांसारखेच हुंकार देतं, त्यामुळे घरात कुणाला शंकाच येत नाही. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचं वय कसं मोजायचं हेही कुणी सांगत नाही. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा धरायची, आणि हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालवायचा. हे न सांगितल्यामुळे काही आया उगाच रडतात, आणि काहींना 'दिवसांआधीचं आहे, होईल सावकाश' असं सांगत राहिल्यामुळे खरंखुरं मागे पडलेलं मूल दीड वर्षाचं होईपर्यंत कुणी दाखवतच नाही.

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत अहिल्यानगर, बीड, सोलापूरकडची बाळं येतात. इथली अतिदक्षता खरंच उत्तम आहे, एक किलोची बाळं इथून हसत घरी जातात. पण घरी म्हणजे दीडशे-दोनशे किलोमीटरवर. पुढच्या तपासणीला ती किती वेळा येऊ शकणार? त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला हे बाळ आल्याचं कळवलं गेलं पाहिजे, आणि ती जबाबदारी रुग्णालयाची असली पाहिजे, बाळाच्या बापाची नव्हे.

'आमचाही दोन किलोचाच होता, आज हिंजवडीत इंजिनिअर आहे' हे वाक्य पुण्यात हा विषय काढला की हमखास ऐकायला मिळतं. खरं आहे, आणि आनंदाचं आहे. कमी वजनाची बहुतेक मुलं पुढे चांगलीच निघतात. पण त्या इंजिनिअरच्या घरात आजी-आजोबा होते, बालरोगतज्ज्ञ ओळखीचे होते, रात्री गोष्ट सांगायला कुणीतरी होतं. त्याच्या वाट्याला जे आपोआप आलं, तेच मोशीच्या एखाद्या साईटवरच्या लेबर कॅम्पमधल्या दोन किलोच्या मुलीला मिळावं म्हणून व्यवस्था लागते. त्या इंजिनिअरचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. यादी केली, घरी जायला लागलो, तर त्या बाईवर ठपका बसेल: 'हिच्यातच काही कमी होतं.' सासरी हे बोललं जातं, नाही असं नाही. म्हणून ताईने बोलायचं कसं हे शिकवणं हा या कामाचा कणा आहे. आणि ठपका ठेवायचाच असेल तर तो कुठे ठेवायचा हेही पुण्यातल्या अभ्यासाने सांगितलेलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. त्या बायकांचं गर्भारपणाआधीचं सरासरी वजन होतं अवघं बेचाळीस किलोच्या आसपास. शेतातलं काम, पाणी भरणं, जळण आणणं गर्भारपणातही चालूच. डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या आयांना कष्ट जास्त पडत होते त्यांची बाळं लहान होती, आणि ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा येत होतं त्यांची बाळं मोठी होती. 'फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर सिझर करावं लागेल' हा सल्ला आजही दिला जातो. तो देणाऱ्यांना थांबवणं हे डोहाळजेवणापेक्षा मोठं काम आहे.

याच अभ्यासात दिसलेली आणखी एक गोष्ट वजनाच्या काट्यावर विसंबून राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना सावध करणारी आहे. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान, पण सारखी लहान नाहीत: स्नायू आणि पोटातले अवयव कमी, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. किडकिडीत दिसणाऱ्या बाळातही चरबीचं प्रमाण जास्त. पुढे मधुमेहाकडे जाणारा रस्ता इथूनच सुरू होतो असं डॉ. याज्ञिक मांडत आले आहेत. याचा घरातल्या व्यवहाराशी थेट संबंध आहे. बारीक बाळ घरी आलं की सगळ्यांना घाई होते ती बाळसं धरण्याची. डब्याचं दूध, दुधात बुडवलेली बिस्किटं, साखर घातलेली पेज. वजन वाढतं, फोटो चांगला येतो, अंगणवाडीच्या तक्त्यावर मूल हिरव्या पट्ट्यात येतं आणि सगळे निर्धास्त होतात. त्या वाढलेल्या वजनात डाळ, अंडं, पालेभाजी, लोह किती आणि साखर-मैदा किती हे कुणी विचारत नाही. मेंदूला लागतं ते पहिलं.

आणि काही गोष्टी काट्यावर येतच नाहीत. त्या गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा, ज्यांच्या आयांचं बी-१२ कमी होतं ती मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरतं लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे होती. पुढे याच मुलामुलींना किशोरवयातच बी-१२ देऊन पाहिलं. त्यांना झालेल्या बाळांची दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा आकलनात आणि भाषेत फायदा दिसला. एका शहराने आपल्या आसपासच्या गावांतल्या तीन पिढ्यांकडे बघून काढलेली ही माहिती आहे. म्हणून यादी अडीच किलोपासून सुरू करावी, पण तिथेच थांबवू नये असं माझं म्हणणं आहे. आणि तिचं दुसरं टोक गर्भारपणाच्याही आधी, महापालिकेच्या शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलींच्या डब्यापर्यंत न्यायला हवं. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, हे २०१९-२१ च्या पाहणीतलं चित्र आहे. जिची स्वतःची वाढ पुरी झालेली नाही तिच्या पोटातल्या बाळाने कुठून वाढायचं?

लेबर कॅम्पचं वेगळं सांगितलं पाहिजे. वाघोली, मोशी, हिंजवडी, बावधन, जिथे टॉवर उभे राहतात तिथे पत्र्याच्या खोल्यांत बाळंही वाढतात. आई विटा उचलते आणि बाळ सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. त्या बहिणीची शाळा बुडते आणि बाळाशी बोलणारं मोठं माणूस दिवसभर कुणी नसतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या, बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचं होतं. जोडपं कामाला लागलं तरी नाव नवऱ्याचंच लागलं, की ती पन्नासची संख्या कधी पुरीच होत नसे. ताराज् मोबाईल क्रेशेससारखी संस्था पुण्यात साईटवर पाळणाघरं चालवते, म्हणजे हे करता येतं. पण संस्थेच्या चांगुलपणावर आणि बिल्डरच्या मर्जीवर हे किती दिवस सोडायचं? बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो. त्याचा या मुलांवर पहिला हक्क आहे असं मी मानते. बांधकाम परवाना देतानाच पाळणाघराची जागा नकाशात दाखवायला लावणं महापालिकेच्या आणि पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हातात आहे.

पैशांचा प्रश्न येईलच. आशाताईंवर आणखी एक काम विनामोबदला लादायला माझा ठाम विरोध आहे. या भेटींसाठी वेगळी माणसं नेमावीत, किंवा आशाताईंचं दुसरं काम कमी करून, वेगळं मानधन देऊन हे त्यांच्याकडे द्यावं. अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाचं बिल ज्यांनी भरलं आहे त्यांना कळेल, की तेवढ्या पैशांत एका ताईच्या किती भेटी होऊ शकतात. एक बाळ वाचवायला आपण काही लाख खर्च करतो आणि ते योग्यच आहे. मग त्याच बाळाच्या पुढच्या तीन वर्षांसाठी काही हजार काढताना हात आखडण्याचं कारण मला दिसत नाही.

राहिला यादीचा प्रश्न, आणि तो सगळ्यात सोपा आहे. प्रत्येक जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत महापालिकेकडे होते. त्या अर्जाच्या सांख्यिकी भागात बाळाचं जन्मवजन विचारलेलं असतं, गर्भारपणाचे आठवडे विचारलेले असतात, आणि आईचं शिक्षणही विचारलेलं असतं. केईएमच्या अभ्यासाने ज्या गोष्टी महत्त्वाच्या ठरवल्या त्या नेमक्या या तीन रकान्यांत आहेत, आणि त्या दरवर्षी शहरातल्या प्रत्येक बाळासाठी भरल्या जातात. आज त्या आकडेवारीसाठी वर पाठवल्या जातात. आरोग्य खात्याने आणि जन्म-मृत्यू नोंदणी विभागाने एकत्र बसून, आठवड्याच्या आठवड्याला वॉर्डनिहाय यादी त्या वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जाईल एवढी सोय करावी. आई-बापांची संमती दवाखान्यातच घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर जन्मवजनाच्या खाली डोळे-कान तपासणीच्या तारखा आणि घरी येणाऱ्या ताईचं नाव व मोबाईल नंबर छापावा. एका वॉर्डपासून सुरुवात केली तरी चालेल. येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि त्या वॉर्डमधल्या किती बाळांकडे किती भेटी झाल्या याचा तक्ता दर तीन महिन्यांनी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा, म्हणजे आम्हाला विचारता येईल.